रुळाचा आवाज

संग्रहालयातल्या तुटक्या रुळापुढे आई सकाळपासून येरझारा घालत होती. हाच रूळ मोडून गाडी उलटली, रोज रूळ तपासणाऱ्या बाबांवर ठपका आला, त्याच घोराने ते गेले. तेव्हापासून घरात पुरण शिजलं नव्हतं.

“तुझ्या बापाने ठोकून बघितला होता, चांगला वाजला म्हणाला होता. आता तू ठोक,” आई द्वारकाला म्हणाली. तिला स्वतःला आताशा कानाशी ओरडलं तरच ऐकू येई.

चांगला रूळ खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द. हे बाबांनीच शिकवलेलं. रखवालदाराला विचारून द्वारकाने बाबांची हातोडी हाणली.

आवाज बद्द आला.

“कसा वाजला? सांग की!” आईने तिचा दंड गदागदा हलवला.

“खणखणीत!” द्वारका तिच्या कानाशी ओरडली.

“मग रडतेस कशाला, वेडे? चल, आज पुरण घालू.”