वर्तुळातला ‘इतर’

“गिऱ्हाईकं वाढली, छान झालं,” साहेब म्हणाले. “पण आली कशामुळे?”

“माझ्या पोरांनी उंबरे झिजवले म्हणून,” विक्रीप्रमुख म्हणाला.

“आमच्या जाहिरातींमुळे,” जाहिरातबाई म्हणाली, पण जरा हळूच. ऑफिसात तिला सगळे याच नावाने हाक मारायचे आणि आता तीही त्याला ओ द्यायला शिकली होती.

कंपनी गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवायची आणि कारखान्यांना विकायची. साबणासारखी ही वस्तू कुणी जाहिरात बघून पिशवीत टाकत नाही. कारखान्यातली माणसं वर्षभर खल करतात, प्रत्येक जण नाक खुपसतो, आणि शेवटी होकार येतो तेव्हा पहिल्यांदा नाव कुणी काढलं हे कुणाला आठवत नाही.

तिने पडद्यावर रंगीत वर्तुळ दाखवलं. ईमेलचा निळा तुकडा, प्रदर्शनांचा पिवळा, ऑनलाइन व्याख्यानांचा एक बारीकसा. निम्म्याहून जास्त वर्तुळ राखाडी होतं. त्यावर लिहिलं होतं ‘इतर’.

“हा इतर कोण?” साहेबांनी विचारलं.

“ज्यांना नक्की सांगता येत नाही ते, सर. कुणी म्हणतं कुठेतरी ऐकलं, कुणी म्हणतं कुणीतरी बोललं.”

“मग याला शोधून आणा. महिनाअखेरपर्यंत. जे सापडेल त्यावर सगळा खर्च करू. नाही सापडलं तर तुमचा विभाग बंद.”

तिच्या हाताखालच्या दोघी मुली वहीत बघत बसल्या. तिला त्यांच्याकडे बघवेना. दोघींना तिनेच आधीची नोकरी सोडायला लावून इथे आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिची गाडी सुरूच होती. जेवणाच्या टेबलावर ऑफिस आणायचं नाही असा घरात नियम होता. नवरा तो कसोशीने पाळायचा. तो दुसऱ्या एका कंपनीत विक्रीच्या कामावर, दिवसभर फिरून बोलायचा, त्यामुळे घरी मुकाट ऐकून घ्यायचा. तिला मात्र नियम कधी जमला नाही.

“मी तरी काय जाहिरात करू, सांग ना. एक नोंद खोडायची तर आमचं सॉफ्टवेअर तीनतीनदा विचारतं, नक्की ना, नक्की ना. शिकवायला जाणारा माणूस शेवटच्या हमालाला येईपर्यंत तिथून हलत नाही. आणि मदतीच्या फोनवरच्या मावशी! अडचण सुटली तरी फोन ठेवत नाहीत. परत करून दाखवा म्हणतात.”

“हं,” नवरा म्हणाला. तो टेबलावर चष्मा शोधत होता. चष्मा कपाळावर होता.

“बाबा, माझी लाल फीत कुठंय?” लेकीने विचारलं. डब्याची कडी तुटली तेव्हा तिनेच आपली केसांची फीत त्याला बांधून दिली होती.

“डब्याबरोबर राहिली गं कुठेतरी.”

“म्हणजे हिरव्या झाकणाचाही गेला?” जाहिरातबाई म्हणाली. “आता तुला पानात बांधून देते.”

नवरा हसला, चष्मा सापडल्याच्या आनंदात तिच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

पुढचे दिवस तिने एकेक नवीन गिऱ्हाईक गाठलं. फोनवर सगळे गुळमुळीत बोलत. मग ती रंगाच्या कारखान्यात स्वतःच गेली. मालकीणबाई वयस्कर, स्पष्ट बोलणाऱ्या. बोटांवर निळा रंग वाळलेला.

“खरं सांगू? रागावू नका,” त्या म्हणाल्या. “तुमची जाहिरात मी पाहिलेली नाही. तुमच्या स्पर्धकांचा माणूस आला होता त्यांचं सॉफ्टवेअर विकायला. तासभर तुमची निंदा करून गेला.”

“आमची?”

“म्हणाला, त्यांचं घेऊ नका. खोडताना तीनतीनदा विचारतं. मी म्हटलं, वा! आमचा गोदामवाला दिसेल ते खोडत असतो. म्हणाला, शिकवणारा माणूस मुक्कामच ठोकतो. म्हटलं, मग आम्हाला तोच हवा. आणि त्या फोनवरच्या मावशींचं ऐकलं तेव्हा तर माझं ठरलंच. बाहेर दोघा-तिघा कारखानदारांनाही त्याने हेच ऐकवलंय. त्यांनीही तुमचंच घेतलं.”

जाहिरातबाईला हसू आवरेना. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून साहेब खो खो हसले.

“सापडला तुमचा इतर! विभाग वाचला, समजा. पण एक काम करा. त्या माणसाला आपल्या इतक्या आतल्या गोष्टी पुरवतं कोण, तेही शोधा. जो कोणी असेल त्याला मी पगारवाढ देतो.”

ऑफिसातल्या मुलींना कधी एकदा सांगते असं तिला झालं. ती उठली, आभार मानले आणि जाता जाता विचारलं, “नाव काय हो त्यांचं?”

“नाव कुठलं लक्षात राहतं. भला गृहस्थ होता, पण धांदरट. अर्धा वेळ टेबलावर काहीतरी शोधत होता.” मालकीणबाईंनी कपाट उघडलं. “जाताना हे इथेच विसरला. तुम्ही एका धंद्यातली माणसं, कुठे गाठ पडली तर द्या.”

त्यांनी घासूनपुसून ठेवलेला डबा टेबलावर ठेवला. झाकण हिरवं होतं. त्याला लाल फीत बांधलेली होती.

“देते,” जाहिरातबाई म्हणाली. “रात्री जेवायला बसतील तेव्हा.”