खिडकीची जागा

सुट्टीच्या रविवारी भानुदास बायकोला आणि दोन वर्षांच्या प्रियदर्शनीला घेऊन बारामती-इंदापूर एसटीत बसला. पोरगी खिडकीला नाक लावून ओरडत होती, "बाबा, म्यॅ म्यॅ! बाबा, पानी!" भानुदासही तिच्या डोक्यावरून वाकून बघत होता. थांबा जवळ आला की त्याचा उजवा पाय मात्र आपोआप पत्र्यावर दाबला जायचा.

एका बाभळीकडं बोट करून पोरगी म्हणाली, "बाबा, कापूस!"

"कापूस न्हाय, बगळं हायती. करुणा, बघ की, अख्खं झाड पांढरं! हितं एवढं बगळं बसत्यात व्हय?"

करुणा हसली. "अवो, नऊ वर्सं ह्याच रस्त्यावर एसटी चालवताय न्हवं तुमी?"

"चालवतोय गं," भानुदासनं पोरीला मांडीवर घेतलं. "पर खिडकीत आज बसलोय."