पिवळा ऑक्सिजन

बाबा गेल्यावर त्यांचा संगणक परत द्यायला मी बांडुंगच्या विद्यापीठात, त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. त्यांची विद्यार्थिनी इमास पडद्यावर एक रेणू फिरवून बघत होती. चित्राखाली नाव तिचं होतं, पण त्यातला ऑक्सिजन पिवळा होता. रेणूंच्या चित्रांत ऑक्सिजन जगभर लाल दाखवतात. पिवळा मी फक्त बाबांच्या संगणकावर पाहिला होता.

“घाई झाली वाटतं,” मी म्हणाले. “चित्र उचललंस, निदान रंग तरी बदलायचास.”

ती आधी गोंधळली, मग तिला हसू आलं. “ताई, रेणू माझाच आहे. रंग तेवढा सरांचा. तो इथे सगळ्यांकडे आहे, बघा की.”

शेजारच्या पडद्यांवरही पिवळेच गोळे होते.

“इतका धाक होता त्यांचा?”

“धाक कसला! त्यांना लाल आणि हिरवा सारखेच दिसायचे. लाल ऑक्सिजन कुठला, हिरवा क्लोरीन कुठला, कळायचंच नाही. मग त्यांच्या संगणकावरही आम्हीच बदलून टाकला. ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही.” मग तिने जपून विचारलं, “घरी ठाऊक असेलच ना?”

“हो,” मी म्हणाले.

लहानपणी बाजारात रांबुतानच्या ढिगापुढे बाबा मला पुढे करायचे. “हिरवी नकोत, लाल बघून घे,” म्हणायचे. “तुझ्यासारखी फळं कुणाला निवडता येत नाहीत.”