दर्याला वाहिलेलं लुगडं

“मुंबई मी कोळून प्यालोय,” असं दहिवलीचा भिवाजी लग्नाआधीपासून सांगायचा. बायको बायजा मुंबई बघायच्या हट्टाला पेटली, तेव्हा कर्जतहून आगगाडीनं तो तिला चौपाटीवर घेऊन गेला. स्नानानंतर नेसायच्या माहेरच्या लुगड्याचं गाठोडं त्यानं खुशाल पाण्याकाठी ठेवायला लावलं आणि दोघं गलबतं बघत लांब गेली. परतली तेव्हा तिथं लाटा होत्या. “भरती येते ठाऊक नाय का, दादा?” तिथल्या एका कोळणीनं विचारलं. भिवाजीनं नजर चुकवली आणि बायजाला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी लुगड्याचं विचारलं. “दर्याला वाहिलं,” ती म्हणाली. “यांनीच रीत सांगितली. यांना समदं ठावं हाय.” बैलांना पाणी पाजायला आलेल्या भिवाजीनं ते ऐकलं. कोळणीपुढंही त्याला एवढी लाज वाटली नव्हती. मान खाली घालून म्हणाला, “नाय, दर्यानं न्हेलं. मुंबई म्या बी काल पयल्यांदाच पायली.”