लहानात लहान स्टोव्ह

"माझा एकटा जीव. लहानात लहान स्टोव्ह द्या म्हणजे झालं," सोलांजबाई घाईघाईनं म्हणाल्या. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे, घर उबदार ठेवणारे स्टोव्ह विकणारा जेर्वे माप घ्यायला आला होता, आणि तो लवकर टळावा असं त्यांना झालं होतं. सरहद्दीच्या पोलीस चौकीतला स्टोव्ह त्यानंच बसवलेला. तिथल्या साहेबांशी त्याची रोजची ऊठबस.

जेर्वेनं खिडकीच्या फटीत बोट घातलं. "अहो, हे घर आहे की चाळण? थांबा, छप्पर बघतो. बर्फ कुठे वितळलाय ते दिसलं, की ऊब कुठून पळते ते कळतं."

शाल न घेताच बाई त्याच्यामागे अंगणात धावल्या.

छप्पर पांढरंशुभ्र होतं. फक्त माळ्याच्या कोपऱ्यावरचा बर्फ खाटेएवढा वितळला होता.

"वर कोण असतं?"

"कोणी नाही. माळा बंदच असतो."

तेवढ्यात वर तान्हं बाळ रडलं. परवा बर्फ तुडवत, कागदपत्रांशिवाय सरहद्द ओलांडून आलेली त्याची आई हीटरजवळ त्याला घेऊन बसली होती.

नेमकी तेव्हाच पोलिसांची गाडी वळणावर आली. जेर्वेनं हात वर केला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

गाडी हॉर्न वाजवून पुढे निघून गेली.



"मोठा स्टोव्ह घ्या, बाई," जेर्वे हळूच म्हणाला. "सगळ्याच छपरावरचा बर्फ वितळला, की एक कोपरा कुणाच्या नजरेत भरणार नाही."