शिसपेन्सिलीचा आवाज

आमचे हे छापखान्यात प्रुफं तपासायचे. घरी ती मी मोठ्यानं वाचायची. चूक आली की हे टेबलावर शिसपेन्सिल आपटायचे. निवृत्तीनंतर माझ्याकडून फोनवर कॉमेंटमधली भांडणं वाचून घेत आणि अनोळखी माणसांचं व्याकरण सुधारत बसत.

"अहो, लोक शिव्या देतायत!"

"देऊ देत. शुद्ध देतायत ना?"

हे गेले त्याला वर्ष झालं. सवयीनं मी अजून रिकाम्या खुर्चीसमोर वाचते. पेन्सिल कपाटात आहे, तरी चूक वाचली की टक् असा आवाज येतो.

म्हणून मीही त्या भांडणांत मुद्दाम चुकीचं लिहून वाचून दाखवते.

"आजी, आधी शाळेत जा," कुणीतरी लिहिलं.

आज त्याला एकही चूक न करता उत्तर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "बाळा, मी आता घरात एकटीच असते."

टक्.