नातीला भरवलेला घास

"भरवा आजी, मी बघतोय," खुर्चीत टेकत तपासनीस म्हणाला.

हेमलताबाईंनी वरणभात कालवून घास केला. जुईने हात मांडीवर ठेवूनच आ केला.

"नऊ वर्षांची झाली, तरी हाताने जेवत नाही?"

"नाही हो जमत तिला."

त्याने जुईची कोरडी बोटं निरखून पाहिली आणि मग हेमलताबाईंच्या दंडात पुढच्या सहा महिन्यांच्या आयुष्याची सुई टोचली.

"जमायला लागलं की कळवा. मग सुई बंद. नियम मी काय सांगणार? तुमच्याच पुस्तकातून आलाय तो."

खरंच होतं ते. अश्मयुगातल्या जबड्यांचे झिजलेले दात तपासण्यात हेमलताबाईंची हयात गेली होती. ज्या टोळीत आज्या कंदमुळं उकरून नातवंडांना भरवत, तिथली पोरं जगली आणि म्हणूनच माणसाला म्हातारपण लाभलं, असं त्यांनी लिहिलं होतं. सरकारने त्याचा सोयीचा अर्थ काढला: ज्याच्या हातून कुणी जेवत नाही, त्याने म्हातारपण मागू नये.

तपासनीसाला फाटकापर्यंत पोचवून त्या परतल्या आणि दारातच थबकल्या. जुई पाठमोरी बसून हाताने भात खात होती. एक शीतही सांडत नव्हतं.

पाऊल वाजताच तिने घाईघाईने बोटं फ्रॉकला पुसली, हात मांडीखाली दडपले आणि आ केला.

हेमलताबाई तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनी पुढचा घास केला.